गावचे दप्तर आणि दूरचा संगणक

शासकीय योजनेची रक्कम बँकेत जमा झाल्याचा संदेश शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येतो, तेव्हा त्यापूर्वी चार-पाच कार्यालयांची दप्तरे एकमेकांशी ताडून पाहिलेली असतात. महसूल विभागाचा सात-बारा, आधारची नोंद, कृषी विभागाकडील लाभार्थ्यांची यादी, कोषागाराचे देयक आणि बँकेचे खाते ही त्यांपैकी प्रमुख होत. या प्रत्येक दप्तराची लिहिण्याची रीत वेगळी आणि संगणकप्रणालीही वेगळी असते. ही दप्तरे परस्परांना समजतील अशा रीतीने जोडणे, हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याला 'डेटा इंटिग्रेशन' म्हणजेच माहिती-जोडणी असे म्हणतात. हे काम करणारा तंत्रज्ञ 'बॅकएंड इंजिनिअर' या नावाने ओळखला जातो.

हा व्यवसाय करण्यासाठी पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळूरात राहिलेच पाहिजे असे आता उरलेले नाही. नांदेड किंवा लातूर येथील राहत्या घरातूनही तो करता येतो. मात्र माहिती-जोडणीचे यश केवळ यंत्रावर अवलंबून नसते. ज्या मूळ दप्तरातून माहिती निघते, ते दप्तर किती नेटके आहे आणि जोडणी करणाऱ्यास ते किती कळते, यावर ते ठरते. हे दप्तर गावात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत लिहिले जाते. त्यामुळे या विषयाचा संबंध केवळ अभियंत्यांशी नसून अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याशीही तितकाच आहे. प्रस्तुत लेखात या कामाचे स्वरूप आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भातील त्याचे महत्त्व यांचा परिचय करून दिला आहे.

जोडणी म्हणजे काय?

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे दिसते, ती प्रणालीची दर्शनी बाजू होय. अर्जाचा नमुना, रकाने, 'सादर करा' हे बटण हे सारे तिच्यात येते. अर्ज सादर केल्यानंतर तो कोठे जातो, कोणत्या नोंदीशी ताडला जातो, कोठे साठविला जातो आणि पुढे कोणाकडे पाठविला जातो, ही मागची बाजू होय. बॅकएंड इंजिनिअर या मागच्या बाजूची रचना करतो.

कार्यालयाचेच उदाहरण घेतले तर हा भेद चटकन लक्षात येईल. नागरिक खिडकीवर अर्ज देतो. आत आवक-जावक नोंद होते, संचिका एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि दुसऱ्या विभागाचा अभिप्राय मागविला जातो. एका संगणकप्रणालीने दुसरीकडे अशी विचारणा करावयाची असेल, तर त्यासाठीही एक ठरावीक खिडकी लागते. या खिडकीस 'एपीआय' म्हणतात. कोणत्या नमुन्यात विचारावे, कोणती ओळख द्यावी आणि उत्तर कोणत्या नमुन्यात मिळेल, हे आधी ठरलेले असते. नमुना चुकला की अर्ज परत येतो.

आपल्या राज्यातील एक परिचित उदाहरण म्हणजे दस्त नोंदणी आणि ई-फेरफार यांची जोडणी. जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. फेरफाराची नोंद मात्र महसूल विभागाकडे असते. पूर्वी एका कार्यालयातील माहिती दुसऱ्या कार्यालयात कागदाने जात असे आणि त्यात दिवस मोडत. आता नोंदणी झाल्याची माहिती संगणकाद्वारे संबंधित गावाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यांना आपण तलाठी म्हणत होतो त्यांच्याकडे, पोहोचते. हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कार्यपद्धती कायम आहे. बदलले आहे ते एवढेच, की दोन दप्तरांमधील अंतर कमी झाले.

दोन योजनांपासून मिळालेला धडा

माहिती-जोडणीचे महत्त्व राज्याला सर्वात ठळकपणे जाणवले ते कर्जमाफीच्या दोन योजनांच्या वेळी. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जून २०१७ मध्ये जाहीर झाली. तीत शेतकऱ्यांकडून 'आपले सरकार' सेवा केंद्रांमार्फत ऑनलाइन अर्ज घेण्यात आले. लाभासाठी कुटुंब हा घटक धरण्यात आला होता. एकीकडे अर्जातील माहिती, दुसरीकडे बँकांनी दिलेली कर्जखात्यांची माहिती, आणि दोहोंचा मेळ घालणारी संगणकप्रणाली अशी ही रचना होती. प्रत्यक्षात दोन्ही याद्यांत नावे, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक यांत तफावती आढळल्या. त्या दूर करण्यात बराच काळ गेला आणि रकमांचे वाटप लांबले.

महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा रचनाच बदलण्यात आली. शेतकऱ्याने वेगळा अर्ज करावयाचा नव्हता. बँकांनी आपल्या दप्तरातील कर्जखात्यांची माहिती आधार क्रमांकासह द्यावयाची होती. कुटुंबाऐवजी व्यक्ती हा घटक धरण्यात आला. याद्या गावात प्रसिद्ध करण्यात आल्या, प्रत्येक कर्जखात्यास विशिष्ट क्रमांक देण्यात आला आणि रक्कम जमा होण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतः आधार प्रमाणीकरण करून आकडा बरोबर आहे की नाही हे सांगावयाचे होते. आकडा मान्य नसल्यास तक्रारीची सोय जिल्हास्तरावर होती. पहिल्या याद्या फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

या दोन रचनांची तुलना माहिती-जोडणीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शिकविण्याजोगी आहे. एकच माहिती दोन ठिकाणी दोनदा लिहून घेतली की तफावतीला वाट मिळते. ती एकाच ठिकाणाहून घ्यावी, तिला निश्चित क्रमांक द्यावा आणि ज्याची ती माहिती आहे त्याच्याकडून ती पडताळून घ्यावी, हा त्यातील सारांश होय. २०१७ मध्ये संगणकीकृत सात-बारांच्या तपासणीसाठी गावोगावी झालेले चावडीवाचन हे याच तत्त्वाचे आणखी एक उदाहरण आहे. संगणकाला न कळणारी चूक चावडीवर बसलेल्या जाणत्या माणसाला ऐकताक्षणी कळते.

मराठवाड्याच्या दप्तराची वैशिष्ट्ये

माहिती-जोडणी सर्वत्र कठीणच असते. परंतु मराठवाड्यात तिला काही खास अडचणी आहेत आणि त्यांचे मूळ इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होईपर्यंत या भागाचा महसुली कारभार उर्दूत चालत असे. त्या काळातील कागदांवर फसली सन असे. त्यात सुमारे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जुनी सेतवारे आणि १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी पत्रके आजही जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून पाहिली जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. प्रत्येक टप्प्यावर लिपी, नमुने आणि मापे बदलत गेली.

जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी प्रामुख्याने उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. १९७५ मध्ये औसा येथे जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद असतो, आधारवर लातूर असतो, आणि ज्या जिल्ह्याचे नाव दाखल्यावर आहे त्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. माणसाला यात काहीच विसंगती वाटत नाही. संगणक मात्र हे तीन वेगळे जिल्हे समजतो. यावर उपाय एकच. नावाऐवजी क्रमांकाने ओळख पटवावयाची. २०११ च्या जनगणनेत नांदेडचा क्रमांक ५११, लातूरचा ५२४ आणि तेव्हाच्या उस्मानाबादचा ५२५ होता. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही प्रत्येक जिल्ह्यास, गावास आणि ग्रामपंचायतीस स्वतंत्र क्रमांक आहे. परंतु ही क्रमांकपद्धती जनगणनेच्या पद्धतीहून निराळी आहे. त्यामुळे दोहोंचा तुलनातक्ता तयार ठेवणे हे जोडणी करणाऱ्याचे पहिले काम ठरते. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा तालुके पाहिले, तर पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी नावे किती ठिकाणी आढळतात हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको.

सीमावर्ती तालुक्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत मराठीबरोबर तेलुगू व कन्नड बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंगा भागांत कन्नड कानावर पडते आणि उर्दूचा वापर तर दोन्ही जिल्ह्यांत आहे. एकच आडनाव शाळेत मराठी वळणाने, रेशन कार्डावर तेलुगू वळणाने आणि बँकेच्या पुस्तकात रोमन लिपीत तिसऱ्याच वळणाने लिहिलेले आढळते.

डोळ्यांना एक, यंत्राला दोन

या कामातील काही अडचणी इतक्या बारीक आहेत की त्या दिसतसुद्धा नाहीत. त्यांपैकी काहींचा उल्लेख येथे करणे उपयुक्त ठरेल.

पहिली अडचण लिपीची. संगणकावर मराठी लिहिण्यासाठी पूर्वी अनेक कंपन्यांचे टंक प्रचलित होते आणि प्रत्येकात अक्षरांची मांडणी वेगळी होती. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक आणि जगातील लिपींसाठी 'युनिकोड' हे मानक, ही दोन्ही १९९१ मध्ये आली. आज युनिकोडचा वापर सर्वमान्य आहे. तरीही जुन्या टंकांतील याद्या अनेक कपाटांत आणि संगणकांत पडून आहेत. त्यांचे रूपांतर केल्याशिवाय जोडणी होत नाही.

युनिकोडमध्येही गोम आहे. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येते. कागदावर दोन्ही सारखेच उमटते. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळत नाहीत. ज्याला मराठीची लेखनपद्धती ठाऊक आहे, त्यालाच ही चूक कोठे शोधावी ते सुचते.

दुसरी अडचण मापांची. सात-बारावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. बोलण्यात आणि जुन्या व्यवहारांत मात्र एकर-गुंठे चालतात. गावात कोणी '२.२० एकर' लिहिले, तर त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर असा होतो, कारण एकराचे गुंठे चाळीस. यंत्र तेच २.२० दशांश अपूर्णांक समजून वाचते आणि जमीन दोन एकर आठ गुंठे धरते. बारा गुंठे कोणीही न बळकावता नाहीसे होतात.

तिसरी अडचण नावाची. माणिक आणि माणिकराव, लक्ष्मी आणि लक्ष्मीबाई, आडनाव आधी की शेवटी, विवाहितेचे माहेरचे नाव की सासरचे, हे प्रश्न प्रत्येक यादीत असतात. शेतकरी ओळख क्रमांकाच्या कामात हाच अनुभव येतो. केंद्राच्या ॲग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्यांची नोंदवही, हंगामी पिकांची नोंदवही आणि भू-संदर्भित गावनकाशे असे तीन आधार आहेत. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी हा ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. तो देताना आधारवरील नाव आणि अधिकार अभिलेखातील नाव यांची तुलना होते. दोहोंत अंतर पडले की प्रकरण माणसाच्या तपासणीसाठी थांबते.

चौथी अडचण वेळेची. संगणकांत बहुधा जागतिक प्रमाणवेळ साठविलेली असते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १ एप्रिलच्या रात्री दोन वाजता झालेला व्यवहार जागतिक वेळेनुसार ३१ मार्चच्या रात्री साडेआठचा ठरतो. अभियंत्याने हे ध्यानात घेतले नाही, तर रक्कम मागील आर्थिक वर्षात जाऊन बसते आणि लेखाधिकाऱ्यास ताळमेळ लागत नाही.

दोनदा पोहोचलेला निरोप

जोडणीच्या मार्गात वीज जाते, दूरसंचार वाहिनी तुटते, समोरची प्रणाली उत्तर देत नाही. पैसे जमा करण्याचा निरोप पाठविला आणि पोच आली नाही, तर निरोप पोहोचला नाही की पोहोचून पोच हरवली, हे पाठविणाऱ्यास कळत नाही. पुन्हा पाठवावा तर रक्कम दोनदा जमा होण्याची भीती असते, आणि न पाठवावा तर शेतकरी वंचित राहण्याची.

यासाठी प्रत्येक निरोपास एक विशिष्ट क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर समोरची प्रणाली रक्कम पुन्हा जमा न करता पूर्वीचेच उत्तर देते. आवक लिपिक एकाच जावक क्रमांकाचे दुसरे पत्र आले की जशी जुन्या नोंदीकडे बोट दाखवितो, तसेच हे आहे. जे निरोप तात्काळ पोहोचत नाहीत ते रांगेत ठेवले जातात आणि ठरावीक अंतराने पुन्हा पाठविले जातात. दिवसअखेर दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडल्या जातात. प्रत्येक हालचालीची नोंदवही ठेवली जाते, म्हणजे महिन्याभराने तक्रार आली तरी नोंद कोठे अडली ते सांगता येते. कुशल अभियंता ओळखावयाचा तो याच गोष्टींवरून. सारे सुरळीत चालते तेव्हा त्याचे काम कोणालाच दिसत नाही.

घरातून चालणारे काम

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर संगणक क्षेत्रातील कर्मचारी मोठ्या संख्येने घरून काम करू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने या क्षेत्रावरील नियम बरेच शिथिल केले आणि ही पद्धत स्थिरावण्यास मदत झाली. नंतर अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलाविले. तरी माहिती-जोडणीसारखी कामे दूर राहून करण्यास विशेष सोयीची असल्याने ती पद्धत पूर्णतः थांबलेली नाही.

अशा अभियंत्याचा दिवस साधारणपणे लेखी निरोपांनी सुरू होतो. रात्री कोणत्या नोंदी अडल्या ते पाहणे, कारण शोधणे, आज्ञावलीत दुरुस्ती करणे, ती सहकाऱ्याकडून तपासून घेणे आणि मगच चालू प्रणालीत समाविष्ट करणे असा क्रम असतो. चमू वेगवेगळ्या गावांत असल्याने तोंडी सांगून भागत नाही. काय केले, का केले हे नेमक्या शब्दांत लिहावे लागते. परदेशी संस्थेचे काम असेल तर वेळेचाही विचार करावा लागतो. न्यूयॉर्क येथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. संध्याकाळच्या बैठका ठरलेल्याच. घरच्या मंडळींनी ही नोकरीच आहे हे मानणे, हीदेखील या कामाची एक गरज आहे.

साधनांपैकी भरवशाची वीज आणि इंटरनेट ही दोन सर्वात महत्त्वाची. वीज गेल्यास इन्व्हर्टर आणि एक वाहिनी बंद पडल्यास दुसरी, अशी तजवीज ठेवावी लागते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या केंद्राच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ही वाहिनी आपल्या गावी केवळ पोहोचलेली आहे की प्रत्यक्ष चालू आहे, याकडे पंचायतीने लक्ष पुरविल्यास त्याचा लाभ कार्यालयापुरता मर्यादित राहणार नाही.

या कामास लागणारे शिक्षण आपल्या जिल्ह्यांत उपलब्ध आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले आणि त्याचे उपकेंद्र लातूर येथे आहे. दोन्ही शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालये व शासकीय तंत्रनिकेतने आहेत. परंतु पदवी हाती पडताच गाव सोडण्याची वहिवाट पडली आहे. दूरस्थ काम हा तिला एक पर्याय होऊ शकतो. विवाहानंतर किंवा वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी लहान शहरात राहणाऱ्या शिक्षित स्त्रियांना तर तो विशेष उपयोगी आहे.

मात्र तरुणांनी यातील उणिवाही ध्यानात घ्याव्यात. नवशिक्याला अनुभवी माणसाच्या शेजारी बसून जे शिकावयास मिळते, ते घरी एकट्याला मिळत नाही. म्हणून पहिली एक-दोन वर्षे चमूसोबत काम करणे हितावह ठरते. स्वतंत्र करारावर काम करणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा आणि वैद्यकीय विमा आपोआप मिळत नाहीत. त्याची तरतूद त्याने स्वतः करावयाची असते. घरबसल्या काम देतो असे सांगून आधी पैसे मागणाऱ्या जाहिरातींपासून तर कटाक्षाने दूर राहावे. कामाचा मोबदला घ्यावयाचा असतो, द्यावयाचा नसतो.

आपल्या हाती काय आहे?

सराव परीक्षांसाठी लातूरचे नाव राज्यभर झाले आहे. या कामासाठी त्याबरोबर आणखी एका सवयीची आवश्यकता आहे. ती म्हणजे आकड्यामागील वस्तू ओळखण्याची सवय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे एक सात-बारा, एक आठ-अ आणि एक बँकेचे पुस्तक यांचे काल्पनिक नमुने ठेवावेत आणि ते एकाच माणसाचे आहेत हे कशावरून ठरवाल, असे विचारावे. माहिती-जोडणीचा पहिला धडा तोच होय. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलास पोटहिस्सा, सामाईक खाते, वारसनोंद हे शब्द लहानपणापासून परिचित असतात. मोठ्या शहरातील अभियंत्यास ते समजून घ्यावे लागतात. ग्रामीण भारताशी संबंधित बँका, विमा, बाजार समित्या यांच्या प्रणाली जोडताना हे ज्ञान भांडवलासारखे उपयोगी पडते.

शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिलीला लिहिलेले नाव पुढे आयुष्यभर सोबत करते. म्हणून प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला पाहून, आधारवरील अक्षरांशी ताडून नाव लिहिणे हे शिक्षकाचे छोटेसे वाटणारे परंतु अत्यंत मोलाचे काम आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत जन्मदाखल्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे. जन्माची नोंद करणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्या एका ओळीकडे किती लक्ष दिले, यावर पुढील अनेक ओळी अवलंबून राहणार आहेत.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. पहिली, आधारवर आधारित पद्धतीने येणारी रक्कम, आधार ज्या बँकेच्या खात्याशी सर्वात शेवटी जोडला असेल, त्या खात्यात जाते. रक्कम आली नाही असे म्हणणाऱ्या अनेकांची रक्कम त्यांच्याच दुसऱ्या खात्यात पडलेली असते. दुसरी, सात-बारावरील लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. ही दुरुस्ती योजनेची मुदत संपत आल्यावर न करता आधीच करून घ्यावी.

माहिती जोडली जाते, तेव्हा ती सांभाळण्याची जबाबदारीही वाढते. लाभार्थ्यांचे आधार व खाते क्रमांक असलेली यादी भ्रमणध्वनीवरील समूहात टाकणे ही काही ठिकाणी सवय होऊन बसली आहे. ती मोडली पाहिजे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि नागरिकाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्यामागील मुख्य सूत्र आहे. अभियंत्यालाही सर्व माहिती उघडी दिसण्याचे कारण नाही. चाचणीसाठी खरी नावे न वापरता काल्पनिक नोंदी वापरणे हाच या व्यवसायातील योग्य शिरस्ता आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. तेव्हापासून गावातील माणसाची ओळख आणि दूरवरच्या संगणकातील तिची नोंद यांचे नाते घट्ट होत गेले आहे. ते नाते बिनचूक राहील की नाही, हे दोन माणसांच्या हाती आहे. एक गावात नोंद लिहिणारा आणि दुसरा ती नोंद दुसऱ्या नोंदीशी जोडणारा. पहिला माणूस आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही आहे. दुसराही येथेच, कंधारच्या किंवा अहमदपूरच्या आपल्या घरी बसून काम करू शकतो. त्याला तेथे राहता येईल अशी वीज, वाहिनी आणि शिक्षण उपलब्ध करून देणे, आणि त्याच्या हाती स्वच्छ दप्तर सोपविणे, एवढे आपल्याकडून झाले, तर बारा गुंठ्यांची चूक पैसे अडण्याआधीच कोणाच्या तरी ध्यानात येईल.